जबडा हलवला आणि नाक बदललं

गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीच्या मैत्रिणीचा मेसेज आला, ताई तुझं जबड्याचं ऑपरेशन झालंय ना, माझं डिसेंबरमध्ये आहे, बाकी सगळं डॉक्टरांनी सांगितलंय, एकच विचारायचंय, नाक मोठं होतं का गं? मी हो किंवा नाही असं काहीतरी पटकन टाइप करायला घेतलं आणि अर्ध्या तासाने बघते तर मेसेज संपायचं नावच घेत नव्हता. मग म्हटलं एवढं लिहितोच आहोत तर इथेच लिहू, अजून चार जणींना उपयोगी पडेल.

तर माझी केस आधी थोडक्यात. खालचा जबडा पुढे, वरचा मागे, समोरचे दात उलटे लागायचे. वडापाव मी आयुष्यभर बाजूच्या दातांनी तोडून खाल्लाय, भाकरीचं तर विचारूच नका. लहानपणी सगळ्यांना वाटायचं की हनुवटी जास्त वाढलीय, ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणाऱ्या) मॅडमनी एक्स-रे बघून सांगितलं की खालचा थोडा जास्त आहेच, पण खरी गोची वरच्या जबड्याची आहे, तो मागे राहिलाय. दीड वर्ष ब्रेसेस, मग ऑपरेशन, वरचा जबडा ५ मिलिमीटर पुढे आणि खालचा ४ मिलिमीटर मागे. ५ मिलिमीटर म्हणजे किती, तर पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. मला वाटलं एवढ्याशाने काय होतंय.

आता जबड्याच्या ऑपरेशनचं म्हटलं की सगळे विचारतात हनुवटीबद्दल, दातांबद्दल, किती दिवस तोंड बांधून ठेवतात त्याबद्दल. नाकाबद्दल मी स्वतःही एक प्रश्न विचारला नव्हता. संमतीपत्रात एक ओळ होती, नाकाच्या आकारात बदल होऊ शकतो, अशी काहीतरी. त्याच्या वर रक्तस्राव, खाली बधिरपणा, त्यामुळे मधली नाकाची ओळ मी बँकेच्या फॉर्मसारखी वाचून सही ठोकली.

नाकाचा आणि जबड्याचा संबंध काय हे कळायला एक सोपा प्रयोग आहे, आत्ता करून बघा, हात धुऊन. वरच्या ओठाच्या आत बोट घाला आणि समोरच्या दोन दातांच्या मधून हिरडीवरून वर वर न्या. नाकाच्या अगदी बुडाशी मधोमध हाडाचं एक छोटं टोक लागेल, दाबलं तर जरा दुखतं. ते टोक वरच्या जबड्याचं आहे. नाकाच्या मधला पडदा त्याच्यावर आणि त्याच्या मागच्या हाडाच्या कण्यावर टेकलेला असतो. आणि दोन्ही नाकपुड्यांच्या मुळाशी जे हाड लागतं तेही वरच्या जबड्याचंच. म्हणजे चष्मा टेकतो तिथे नाकाला स्वतःची हाडं आहेत, पण खालचा सगळा भाग, शेंडा, नाकपुड्या, हे कूर्चा आणि कातडीचं काम आहे आणि त्याचा पाया म्हणजे वरचा जबडा. मांडव तसाच ठेवून खालची जमीनच पुढे सरकवली तर मांडव जागच्या जागी कसा राहील?

आणि फक्त जमीन सरकते एवढ्यावर हे थांबत नाही. ऑपरेशन सगळं तोंडाच्या आतून होतं, बाहेर एकही छेद नाही, याचं आईला फार कौतुक होतं. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर, एका बाजूच्या दाढांपासून दुसऱ्या बाजूच्या दाढांपर्यंत कापतात, आणि मग हाडावरून सगळा मऊ भाग वर सोलून काढतात, अक्षरशः सोलून, त्याशिवाय हाड दिसणार कसं. त्या सोलण्यात नाकपुडीला हाडाशी धरून ठेवणारे आणि ओठ उचलणारे छोटे छोटे स्नायू सुटतात. शेंडा खाली ओढणारा एक स्नायू असतो, तोही सुटतो. जोपर्यंत हे स्नायू हाडाला चिकटलेत तोपर्यंत नाकपुड्या आत ओढून धरलेल्या असतात. ते सुटले की परकराची नाडी सोडल्यासारखं होतं, सगळं बाहेरच्या बाजूला पसरतं, आणि मग ते जिथे पसरलंय तिथेच परत चिकटतं. त्यात सूज असते ती वेगळी, ती आणखी ढकलते.

म्हणून वरचा जबडा पुढे किंवा वर सरकवला की साधारण चार गोष्टी दिसतात. नाकपुड्यांचं बूड रुंद होतं. शेंडा थोडा वर आणि पुढे जातो. नाक आणि ओठ यांच्यातला कोन बदलतो, कुणाचा उघडतो कुणाचा मिटतो, ते जबडा कुठे हलवला आणि टाके कसे घातले त्याच्यावर आहे. आणि वरचा ओठ जरा सपाट, पातळ होऊ शकतो, लाल भाग आत वळल्यासारखा. शेंडा किती हलेल याचं ढोबळ प्रमाण माझे सर्जन सर सांगतात की हाड जितकं पुढे जाईल त्याच्या एक तृतीयांशच्या आसपास, आणि ओठ साधारण निम्म्याहून थोडा जास्त. पण हे ढोबळच. हनुवटीचं बरं असतं, हाड जितकं हलवाल तितकीच जवळजवळ वरची कातडी हलते. नाक आणि वरचा ओठ मात्र स्वतःच्या मनाचे राजे आहेत, कातडी जाड की पातळ, नाक आधी किती रुंद, सगळ्याचा फरक पडतो. कॉम्प्युटरवर आधी जो थ्रीडी चेहरा दाखवतात ना, तो हनुवटीच्या बाबतीत चांगला जमतो आणि ओठ-नाकाच्या बाबतीत गंडतो. मला तो स्क्रीनवरचा चेहरा इतका आवडला होता की मी त्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवला होता. नका ठेवू.

मला या सगळ्याचा इतिहास नंतर वाचायला मिळाला (पेज पिऊन पडून राहिलेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो). वरच्या जबड्याच्या या कापण्याला लफोर्ट वन म्हणतात, ते रने लफोर्ट या फ्रेंच सर्जनच्या नावावरून. त्याने मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर तुटतात हे शोधलं आणि १९०१ साली लिहून ठेवलं. म्हणजे माझा जबडा ज्या रेषेत कापला ती मुळात अपघातात तुटायची रेष आहे. मग झुरिकच्या हूगो ऑब्वेगेसरने १९५० आणि ६० च्या दशकांत आधी खालचा आणि मग वरचा जबडा तोंडाच्या आतून मोकळा करून हवा तिथे बसवायच्या पद्धती पक्क्या केल्या, आणि अमेरिकेत विल्यम बेलने माकडांवर प्रयोग करून दाखवलं की वरचा जबडा असा पूर्ण खाली पाडला तरी टाळूच्या बाजूने रक्तपुरवठा चालू राहतो, हाड मरत नाही. हे वाचल्यावर मला माझ्या टाळूबद्दल अचानक फार माया वाटायला लागली.

पण या मंडळींचं लक्ष हाडाकडे, दात नीट जुळतायत का, हाड जगतंय का, परत मागे तर सरकत नाही ना याकडे. आणि ते बरोबरच होतं, आधी माणूस आणि जबडा नीट राहायला हवा. नाकाकडे नंतर बघितलं गेलं. त्यावरचा जो मुख्य उपाय आहे, सिंच टाका, तो १९८० मध्ये मिलार्ड या प्लॅस्टिक सर्जनने चपट्या पसरट नाकासाठी मांडला, दुभंगलेल्या ओठांच्या ऑपरेशनसाठी मिलार्डचं नाव आजही घेतात. आणि १९८२ मध्ये कॉलिन्स आणि एपकर यांनी तोच विचार जबड्याच्या ऑपरेशनसाठी आणला. सिंच म्हणजे आवळणं. वर जी सुटलेली नाडी म्हटली ना, ती परत आवळायची. शेवटी टाके घालताना तोंडाच्या आतूनच एका नाकपुडीच्या बुडाचा मऊ भाग सुईत धरतात, मग दुसऱ्या बाजूचा, आणि दोघांना मधे ओढून गाठ मारतात. काही सर्जन त्या मधल्या हाडाच्या टोकाला भोक पाडून दोरा तिथे बांधतात. त्याच्या जोडीला ओठाचा छेद इंग्रजी वाय अक्षरासारखा शिवतात, म्हणजे मधे ओठ थोडा फुगीर राहतो, सपाट होत नाही.

हे ऐकायला सोपं आहे पण यात एक मजेशीर अडचण आहे. ऑपरेशन तोंडात आहे म्हणून भूल द्यायची नळी नाकातून घातलेली असते. म्हणजे ज्या नाकाची रुंदी मोजून आवळायचंय त्याच नाकात बोटाएवढी नळी आहे आणि ते आधीच एका बाजूला ताणलंय! त्यात चेहरा सुजलेला. मग सर अंदाजाने, आधी मोजून ठेवलेल्या आकड्यावरून, थोडं जास्तच आवळतात कारण नंतर ते थोडं सैल पडतंच. फार आवळलं तर नाक चिमटल्यासारखं दिसतं आणि ओठ लांब वाटतो. शिंप्याचं काम आहे शेवटी, फक्त मापाचं गिऱ्हाईक बेशुद्ध आहे.

नाकाचा पडदा ही आणखी एक गोष्ट. वरचा जबडा जर वर उचलायचा असेल, ज्यांच्या हसताना हिरड्या फार दिसतात त्यांचा उचलतात, तर पडद्याला जागा कमी पडते. मग पडद्याचा किंवा हाडाच्या कण्याचा खालचा थोडा भाग छाटावा लागतो, नाहीतर पडदा वाकतो आणि नाक एका बाजूला जातं किंवा एक नाकपुडी बंद पडते. ते मधलं टोकदार हाड फार पुढे येऊन शेंड्याला वर ढकलणार असेल तर तेही घासून कमी करता येतं. माझं थोडं घासलं. हे सगळं सर्जनच्या हातात असतं आणि ते आधी ठरवता येतं, म्हणूनच मी त्या मुलीला सांगतेय की आधी विचार.

माझ्या नाकाचं काय झालं ते आता. आमच्या वडिलांच्या घरचं एक नाक आहे, आजोबा, आत्या, बाबा, मी, सगळ्यांचं तेच. लांब, सरळ आणि शेवटी शेंडा जरा खाली वाकलेला, पोपटासारखा. सांगलीत कुणीही मला बघून अमक्यांची का गं तू असं विचारायचं ते नाकावरून.

पहिले दहा दिवस नाक असं काही नव्हतंच. चेहरा म्हणजे फुगलेली पुरी, तिच्यात मधे दोन भोकं. त्या भोकांतून रक्ताळलेलं पाणी यायचं, शिंकरायला सक्त मनाई, कारण सायनस उघडे पडलेले असतात आणि जोरात शिंकरलं की हवा गालाच्या कातडीखाली शिरू शकते. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं, आणि तोंडाला तर रबरबँड लावलेले. मिठाच्या पाण्याचा स्प्रे, वाफ नाही, आणि उशा तीन लावून बसल्या बसल्या झोप. नाकी नऊ येणे म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. आई सिरिंजने मुगाचं कढण आणि नाचणीचं सत्त्व भरवायची आणि म्हणायची, अगं बघू नकोस सारखं आरशात.

तिसऱ्या आठवड्यात सूज उतरायला लागली आणि मी बघितलं, आणि मी रडले. नाक डुकरासारखं. माफ करा पण तेच मनात आलं. समोरून बघितलं तर नाकपुड्यांची भोकं दिसायची, जी आधी कधीच दिसत नव्हती. मी पट्टी घेऊन मोजलं, आधी नाकाची रुंदी ३४ मिलिमीटर लिहिलेली होती फाइलमध्ये, आता ३८. रात्री साडेअकराला सरांना फोटो पाठवला. त्यांनी सकाळी उत्तर दिलं, तुम्ही पट्टी बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी घ्या. मला तेव्हा राग आला. पण त्यांचं खरं होतं, कारण सूज सगळ्यात शेवटी उतरते ती नाकाच्या बुडाची आणि वरच्या ओठाची. गालाची उतरून गेली की उरलेलं नाक जास्तच मोठं दिसतं. सहा महिन्यांनी ३६ भरलं आणि तिथेच थांबलं. म्हणजे सिंच टाका घालूनही २ मिलिमीटर वाढलंच. शेंडा वर गेला तो गेलाच.

आता गंमत अशी की शेंडा वर जाणं हे माझ्या बाबतीत फायद्याचं ठरलं. पोपटाची चोच सरळ झाली. दिवाळीत आत्या आल्या, जबड्याकडे बघितलंच नाही, म्हणाल्या, नाकाचं पण करून घेतलंस होय गं? मी सांगितलं आत्या नाकाला हातही लावला नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, अजूनही बसलेला नाही. आजी म्हणाली, बाई गं, नाक आपल्या घरचं राहिलं नाही. ते मात्र जरा लागलं.

ज्यांचा शेंडा आधीच वर आहे किंवा नाकपुड्या आधीच रुंद आहेत त्यांना हाच बदल त्रासाचा वाटू शकतो, हे मी उगाच गोड बोलून लपवणार नाही. उलट ज्यांचं नाक अरुंद आहे त्यांना श्वासाला फायदाच होतो, वाट मोकळी होते. माझंही रात्रीचं तोंड उघडं टाकून झोपणं गेलं. आणि वरचा जबडा मागे असलेल्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना जो खोलगटपणा असतो, ज्याने पंचविशीतच चाळिशीचा चेहरा वाटतो, तो हाड पुढे आलं की भरून निघतो. माझे जुने फोटो बघितले की आता ते खड्डे आधी दिसतात.

ज्यांचा वरचा जबडा मागे घेतात, पुढे आलेल्या दातांसाठी, त्यांचं गणित उलटं. तिथे शेंड्याचा आधार थोडा कमी होतो आणि ओठ मागे गेल्यामुळे नाक लांब वाटतं. आणि फक्त खालच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर नाकाच्या कुठल्याही स्नायूला धक्का लागत नाही, तरी नाक वेगळं दिसतं! हनुवटी मागे नेली की तेच नाक मोठं दिसतं, हनुवटी पुढे आणली की तेच नाक लहान. माझ्या शेजारच्या बेडवरच्या मुलाची फक्त हनुवटी पुढे आणली होती आणि त्याची आई सगळ्यांना सांगत होती की नाक पण बारीक केलंय.

नाकाचं वेगळं ऑपरेशन करायचंच असेल तर बहुतेक सर्जन निदान सहा महिने, कधी वर्षभर थांबायला सांगतात, सगळं बसू दे, मग ठरवा. काही जण एकाच वेळी करतात, पण पाया हलत असताना वरचं कोरीव काम करायचं म्हणजे अंदाज चुकायची शक्यता जास्त, आणि मधे भुलेची नळी नाकातून काढून तोंडात बदलावी लागते. मी करणार नाहीये. पहिल्या तीन महिन्यांत मला विचारलं असतं तर मी उद्याच करा म्हणाले असते, त्यामुळे थांबायला सांगतात ते बरंच आहे.

त्या मुलीला मी पाठवलेले प्रश्न एवढेच. सर माझा वरचा जबडा कुठल्या दिशेने किती हलणार, माझ्या नाकाची आजची रुंदी मोजून फाइलमध्ये लिहिलीय का, सिंच टाका घालणार का, मधलं हाड घासणार का, पडदा वाकडा आहे का आणि असेल तर त्याचं काय. आणि समोरून, बाजूने, आणि खालून मान वर करून असे फोटो आधी काढून ठेव, खालून काढायला कुणीही सांगत नाही आणि नंतर तोच लागतो.

अजून एक तिने विचारलं नव्हतं पण तिच्या डीपीत दिसली म्हणून सांगितलं, चमकी आधीच काढून ठेव. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या नाकात नळी जाणार, चमकी काढा. माझी सोळाव्या वर्षापासूनची, आजीने दिलेली, फिरकीची. निघेना. साबण लावून, तेल लावून, शेवटी आईने पकडून काढली, मी भुलेला घाबरले नव्हते तेवढी तेव्हा ओरडले.

दोन महिन्यांनी परत घालायला बसलो. भोक दिसत होतं पण तिथे नाकपुडी जाड झाली होती आणि मुख्य म्हणजे डावी बाजू सगळी बधिर, गाल, ओठाचा अर्धा भाग आणि नाकपुडीची बाहेरची बाजू, डोळ्याखालून येणारी नस ऑपरेशनमध्ये ओढली जाते म्हणून. आई हळूहळू तार आत घालत होती आणि मी डोळे गच्च मिटून वाट बघत होते दुखायची. मी म्हटलं, घाल ना एकदाची. आई म्हणाली, अगं कधीच गेली.